खरवडलेली जागा

रुचानं एक बटण दाबलं आणि नदीकाठची एकशे चाळीस घरं गेली.

अंबिकानं ती सकाळपासून एकेक करून काढली होती. माउसवर हात बसायला तिला आठवडा लागला होता, पण आता जमत होतं. बासष्टाव्या वर्षीही तिचा हात थरथरत नव्हता, आणि याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता. रुचा पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून जुने नकाशे संगणकात उतरवून घ्यायचं काम करी. या महिन्यात एकोणीसशे आठ सालचा, परदेशातल्या कुठल्याशा शहराचा नकाशा आला होता. शहराचं नाव दोघींनाही नीट उच्चारता येत नव्हतं. रुंद नदी, तिच्या दोन्ही काठांना गिरण्या आणि लोखंडाचे कारखाने, कारखान्यांच्या पोटात शिरलेले रूळ, मागं टेकडी, टेकडीवर दाटीनं चढत गेलेल्या, उंची दाखवणाऱ्या तपकिरी कंटूर रेषा आणि त्या रेषांच्या वरच्या अंगाला ऐसपैस सुटे बंगले. आणि नदी व रूळ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत तांदळाच्या कणीएवढे काळे चौकोन, ओळीनं, एकमेकांना खेटून. मजुरांची घरं असणार. अंबिकाला ती पाहूनच कळली होती. पाऊस झाला की तिथं पाणी शिरत असणार, हेही तिला कंटूरवरून कळलं होतं. रुचाचं काम तुंबलं होतं म्हणून आईनं मदतीला बसायचं ठरलं, आणि आईनं बसल्याबसल्या नेमकी तीच पट्टी उचलली.

"आई, हे घ्यायचे नसतात गं," रुचा म्हणाली. "ठरावीक मापाच्या खालचं सगळं सोडून द्यायचं. त्यांना गिरण्या, पूल, रूळ, एवढंच हवंय." ती वैतागली नव्हती, उलट हसली होती. तिनं त्या पट्टीभोवती एक चौकट ओढली आणि बटण दाबलं. पडद्यावर नदी आणि रूळ यांच्यामध्ये पांढरी जागा राहिली. अंबिकानं पुढं होऊन त्या जागेवर बोट फिरवलं. काच गुळगुळीत होती. तिथं काही होतं याची कसलीही खूण नव्हती, आणि ती पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून बोट फिरवत राहिली. रुचानं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, पाठ आखडली. उठून ती स्वयंपाकघरात गेली. तिथं कशासाठी आलो ते तिला आठवेना, म्हणून तिनं ओटा पुसला. तो सकाळीच पुसलेला होता.

कापडावर असं होत नसे. ट्रेसिंगचं ते निळसर, खळ दिलेलं, गुळगुळीत कापड. त्यावर काळ्या शाईनं एकदा ओढलं की ते राहायचं, आणि काढायचं असेल तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडावं लागायचं. खरवडलं की शाई जाई, पण तिच्याबरोबर कापडाची चकाकीही जाई. त्या जागी पुन्हा पेन टेकवलं की शाई फुटे, रेघेला केस येत. मग शंखजिऱ्याची पूड चोळा, नखानं घासा, वाट बघा. इतकं करूनही बोट फिरवलं तर ती जागा कळेच. नगरच्या पाटबंधारे खात्याच्या कचेरीत अंबिका तेविसाव्या वर्षी ट्रेसिंग करणारी अनुरेखक म्हणून लागली तेव्हा हेडड्राफ्ट्समन भाऊसाहेबांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की, मुली, आपण काही करत नाही, आपण फक्त खालचं वर आणतो. जागेवर जाऊन मोजणारे वेगळे, ठरवणारे वेगळे. खालच्या शीटवर जे असेल ते वरच्या कापडावर यायला हवं, तेवढंच, आणि तेवढं सगळं. तिला ते आवडलं होतं. वर्षभरात तिच्या कामाचं नाव झालं. अंबिकाचं काम म्हणजे बघायला नको, असं भाऊसाहेब म्हणत. ते खरोखरच न बघता 'तपासले'च्या चौकटीत सही करत.

अठ्ठ्याऐंशी सालचा एप्रिल. पारनेर तालुक्यातल्या पिंपळदऱ्याचा पाझर तलाव, त्याच्या बुडीत क्षेत्राचं शीट. लग्नाला आठ दिवस राहिले होते. बरोबरच्या मुली चिडवत होत्या, कुणीतरी दारातून हाक मारली की मार्तंडराव आले आहेत, आणि तिनं मान वळवली. मार्तंडराव आले नव्हते, ती थट्टा होती. पण पेनाच्या टोकाशी करडईच्या दाण्याएवढा थेंब जमला होता तो पडला. ओढ्याच्या डाव्या काठाला, जिथं तिनं तासाभरापूर्वी सात घरं, एक विहीर आणि एक झाड काढलं होतं, तिथंच. टिपकागद लावेपर्यंत तो पसरला होता. तिनं ब्लेड घेतलं. हात स्थिर होता, तो नेहमीच असे. डाग गेला, त्याच्याबरोबर घरं गेली, विहिरीचं वर्तुळ गेलं, झाडही गेलं. शीट दुपारी चारला प्रिंटला जायचं होतं. तिनं एका कोपऱ्यात पेन टेकवून पाहिलं तर शाई फुटली. तेही खरवडलं. पुन्हा काढण्यात वेळ घालवायचा तर भाऊसाहेबांना सांगावं लागणार होतं की डाग पडला. सांगायला तिची जीभ रेटेना. मग तिनं पूड चोळली, फुंकून उडवली, आणि कापड उजेडाकडं धरून पाहिलं. काही दिसत नव्हतं. खालचं मूळ शीट आहे, कुणीतरी ताडून बघेल, सुटीवरून आले की आपणच नीट करू, असं तिनं स्वतःला सांगितलं. चारला भाऊसाहेबांनी न बघता सही केली.

ती सुटीवरून आली तेव्हा प्रिंटा निघून गेल्या होत्या. तिच्या हाताला पंधरा दिवस मेंदी होती. त्या मेंदीच्या हातानं तिनं दुसरं शीट घेतलं, मग तिसरं. खरं म्हणजे ती विसरली. हे तिला आता सगळ्यात जास्त बोचत होतं. काहीही न खुपता, दुखता, ती सहा वर्षं विसरून राहिली.

रुचानं ती नदीकाठची घरं पुसली त्या दिवसापासून तिला घरात बसवेना. नगरमधल्या सावेडीच्या त्या दोन खोल्यांत ती या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरे. वर्तमानपत्र उघडून मिटून ठेवी. रुचा पडद्यासमोर काम करत असे आणि अंबिका मागून जाताना मान न वळवता जायचा प्रयत्न करी. तरी नदी दिसेच, गिरण्या दिसत, आणि मध्ये ती पांढरी पट्टी. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी थंडीवाऱ्यात त्या नदीकाठी उभं राहून एवढी बारीक घरंसुद्धा सोडली नव्हती, हे तिच्या मनातून जाईना. त्याला कुणी सोड म्हटलं असतं तर त्यानं सोडली असती का? त्याच्या हातून डाग पडला असता तर? एका दुपारी जेवताना ती रुचाला म्हणाली की मी एकदा सात घरं गाळली होती. रुचानं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग समजुतीनं सांगितलं की आई, तुझ्यावर तपासणारे होते, त्यांच्यावर साहेब होते, जागेवर जाऊन पाहणं त्यांचं काम होतं; एका अनुरेखकाच्या चुकीनं असं काही होत नसतं. तिचं म्हणणं बरोबर होतं. भाताचा घास अंबिकाच्या तोंडात तसाच फिरत राहिला, कारण तिनं रुचाला अर्धंच सांगितलं होतं. मार्तंडरावांना तर तेवढंही नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले, त्याच्या आदल्या महिन्यात एकदा दवाखान्यात ती म्हणाली होती, तुम्हाला एक सांगायचंय. ते म्हणाले, सांग. तिनं सांगितलं की विजेचं बिल भरलं.

उरलेलं अर्धं चौऱ्याण्णव सालातलं. कचेरीत एक माणूस आला होता. चाळिशीचा, उंच, काळा, धुवट पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. पिंपळदऱ्याहून आलो, अजिनाथ खोडदे, असं त्यानं दारातच उभं राहून सांगितलं. तलाव झाला होता, बुडालेल्यांना वर गायरानावर जागा मिळाल्या होत्या, आणि ओढ्याकाठच्या सात घरांना मिळाल्या नव्हत्या. नकाशात तिथं घरंच नव्हती. साहेबांनी कपाटातून कापड काढून त्याच्यासमोर पसरलं आणि बोट ठेवून दाखवलं. तलाव होणार म्हटल्यावर जागा मिळावी म्हणून मागाहून घरं उभी करणारे पुष्कळ असतात, असं साहेब सावकाश, न रागावता म्हणाले. अजिनाथही रागावला नाही. तो म्हणाला, "साहेब, मोजनीच्या टायमाला पट्टी धरून म्या हुबा हुतो. सात घरांच्या सात कोपऱ्यावर. तुमच्या मानसानं माझ्यासमोर लिव्हलं." साहेब म्हणाले, ट्रेसिंग म्हणजे मुळाची हुबेहूब नक्कल, त्यात कमीजास्त होत नसतं. अंबिका दोन टेबलं सोडून बसली होती. मूळ शीट मागच्या खोलीतल्या कपाटात, तिसऱ्या फळीवर होतं. त्या फळ्या तिनंच लावल्या होत्या. उठून आणायला तीन मिनिटं लागली असती. भाऊसाहेबांना निवृत्तीला सहा महिने होते, सही त्यांची होती, त्यांचं पेन्शन अडकलं असतं. हे कारण तिनं नंतर तयार केलं. त्या क्षणी तिच्या मनात भाऊसाहेब नव्हते. 'अंबिकाचं काम म्हणजे बघायला नको' एवढंच होतं. ती उठली. माठातलं पाणी पेल्यात घेऊन तिनं त्या माणसाला दिलं. ते उभ्यानंच पिऊन पेला परत देताना त्यानं मान लववली आणि म्हणाला, लई उपकार झाले बाई. मग कागद पुन्हा पिशवीत गुंडाळून तो गेला.

दिवाळी होऊन आठवडा झाल्यावर एका सकाळी तिनं रुचाला सांगितलं की पारनेरला एका जुन्या मैत्रिणीकडं जाऊन येते. एसटीवर अहिल्यानगर-पारनेर अशी पाटी होती आणि कंडक्टर मात्र 'नगर-पारनेर, नगर-पारनेर' अशाच हाका मारत होता. ती खिडकीशी बसली. सुप्याच्या कंपन्यांचे निळे पत्रे, मग डोंगरावर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या, मग काळीपांढरी उताराची रानं. प्रत्येक उताराला तिच्या मनात आपोआप कंटूर पडत होते. आयुष्यभर तिनं या तालुक्याचे ओढे, टेकाडं, पायवाटा कापडावर ओढल्या होत्या आणि इथं ती लग्नाकार्याखेरीज कधी आली नव्हती. काय बोलायचं याची वाक्यं ती जुळवत होती. प्रत्येक वाक्यात 'माझ्याकडून' असा शब्द येत होता आणि तो तिला खोटा वाटत होता. माझ्याकडून झालं, जसं काही कुणी दुसऱ्यानं तिच्या हातून करवून घेतलं. दोनदा तिला वाटलं की पुढच्या थांब्यावर उतरून परतीची गाडी धरावी. दोन्ही वेळा उतरणाऱ्यांची गर्दी होती आणि ती बसून राहिली.

पारनेरहून जीपनं ती पिंपळदऱ्याच्या फाट्यावर उतरली. फाट्यावर छगन नावाच्या माणसाचं चहाचं हॉटेल होतं. तिनं चहा घेतला आणि अजिनाथ खोडदे कुठं राहतात असं विचारलं. छगन क्षणभर आठवत राहिला. मग म्हणाला, "नकाशा म्हना की." बाकावरचा एक म्हातारा तोंडातल्या तोंडात हसला. अंबिकाला कळलं नाही. छगननं फडक्यानं फळी पुसत समजावून सांगितलं, की त्याला गावात तेच नाव पडलं होतं. नकाशात आपली घरं हायती, म्या सोता लिव्हलेली बघितली, असं तो सांगत फिरायचा, आणि घरं काही निघाली नाहीत. अजूनही गावात कुणी थापा मारायला लागला की पोरं त्याला नकाशा म्हणतात, ज्यांनी अजिनाथला पाहिलंही नाही तीसुद्धा. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली होती. बायको हाय, राहीबाई, वरच्या अंगाला, टाकीच्या मागं. अंबिकानं चहाचे पैसे दिले. कप ठेवताना बशीवर वाजला, आणि तिनं हाताकडं पाहिलं. तो कापत होता. असा तो तिनं कधी पाहिला नव्हता.

राहीबाई घराच्या सावलीला बसून मूग निवडत होती. सत्तरीची, बारीक, कपाळावर गोंदण, पायात पुरुषी चपला. कुठल्यातरी योजनेची बाई आली असेल असं समजून तिनं आधार कार्ड आणू का विचारलं. अंबिका खाली तिच्यासमोर बसली. एसटीत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही, आणि कदाचित म्हणूनच ती, रडवेली होऊन का होईना, सरळ बोलली. मी नगरच्या कचेरीत नकाशे काढत होते, तुमच्या वस्तीची सात घरं मूळ नकाशात होती, माझ्या हातून डाग पडला, मी तो खरवडताना घरं खरवडली आणि परत काढली नाहीत. तुमचे मालक कचेरीत आले तेव्हा मी तिथं होते. मला ठाऊक होतं ते खरं बोलतात. मी गप्प बसले.

राहीबाईचा हात मुगात थांबला होता. शिव्या देईल असं अंबिकाला वाटत होतं, आणि तिनं द्याव्यात असंही. पण राहीबाईनं विचारलं, "म्हंजी घरं लिव्हलेली हुती?"

"होती."

"सातीच्या साती?"

"सातही. विहीर पण."

मग ती बोलायला लागली ते मुगाच्या सुपाकडं बघत, जणू अंबिका तिथं नव्हतीच. तलावाचं काम निघालं तेव्हा गावातले बाकीचे लोक तालुक्याला जाऊन अर्ज देऊन आले होते. खोडद्यांच्या वस्तीवर मालकांनी सगळ्यांना सांगितलं की आपल्याला हेलपाटा घालायची गरज नाही, आपण कागदावर आहोत, मी उभा होतो. पाच दिवस मोजणीवाल्यांची पट्टी धरली होती तर केवढा तोरा होता. भावांनी ऐकलं. थोरला होता ना. पुढं यादी आली त्यात खोडद्यांचं एकही नाव नव्हतं. पाणी चढलं तेव्हा भिंती आतून विरघळल्या, भाकरी दुधात विरघळते तशा, आणि धाकटा कानिफनाथ पाण्याच्या कडेला उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला की तू आम्हाला खोटं सांगितलंस. त्या दिवसापासून बोलणं तुटलं. मालक दोनदा नगरला गेले, परत आले ते तोंड शिवल्यासारखे. मग राहात्याकडं पेरूच्या बागांत राखणीला गेले दोघं नवराबायको. तिथं अकरा वर्षं काढली. मागं आले तेव्हाही लोक नकाशा म्हणायचेच. मेले तेव्हा सख्खा भाऊ मातीला आला नाही.

"त्याचं जाऊ द्या," राहीबाई म्हणाली. "म्या सोता म्हनले हुते त्यानला. राहात्याला असताना एकदा ताप चढलेला, तापात बी तेच, म्या पट्टी धरली हुती, म्या पट्टी धरली हुती. म्या म्हनले, आता तरी खोटं बोलायचं सोडा. तवापासनं ते त्या इषयावर बोलले न्हाईत. मरस्तवर न्हाई." तिनं एक मूग उचलून बाजूला टाकला. तो चांगला होता. मग तिनं प्रथमच अंबिकाकडं सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला सांगून काय उपेग? उठा. चला माझ्यासंगं. कानिफनाथाला सांगा. माझं त्यो ऐकायचा न्हाई."

अंबिकाला वाटलं होतं की सांगणं झालं की संपेल. ते इथं, या सावलीत संपायला हवं होतं. गाडी चुकेल असं काहीतरी तिच्या ओठावर आलं, आणि त्याच क्षणी तिला ते कळलं, ते ओळखीचं होतं, विजेच्या बिलासारखं. ती उठली.

उतारावरून दोघी गेल्या. राहीबाई पुढं, अंबिका मागं. उजव्या हाताला खाली तलाव होता. यंदा पाऊस बरा झाल्यानं काठोकाठ भरलेला, आणि पाण्यावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या होत्या. राहीबाईनं चालता चालता हात करून दाखवलं नाही की घरं कुठं होती. अंबिकाला विचारायची गरजही नव्हती. डावा काठ, ओढ्याच्या वळणाच्या पोटात. त्या जागेवर एक पाणकोंबडी तरंगत होती. मान पुढंमागं करत ती पाण्यावरून गेली, मागं एक रेघ उमटली आणि मिटली. अंबिकाला तहान लागली होती, पण पाणी मागायची तिला लाज वाटली.

कानिफनाथ घरापुढच्या खळ्यावर बसला होता. पत्र्याच्या पडवीची सावली त्याच्यापुरती आणि दोन पोत्यांपुरती होती, बाकी सगळं ऊन. लागणीसाठी आणलेल्या कांद्याच्या रोपांच्या पेंड्या सोडून तो शेंडे छाटत होता. साठीच्या पुढचा, जाड भिंगांचा चष्मा. राहीबाईला खळ्यावर पाहून त्याचा विळा थांबला. त्यानं मान फिरवून घराच्या दाराकडं पाहिलं, जणू तिथून कुणीतरी येऊन हे निस्तरावं. कुणी आलं नाही. राहीबाई त्याच्यापासून आठदहा हातांवर, उन्हातच, जमिनीवर बसली, पदर डोक्यावर ओढला आणि अंबिकाला म्हणाली, बोला.

अंबिका उभी राहूनच बोलली. या वेळी ते सोपं गेलं नाही. राहीबाईला सांगताना ती रडवेली झाली होती, आणि त्या रडवेलेपणात एक सुख होतं, हे तिला आता कळत होतं. इथं तसं काही येईना. शब्द कोरडे, मोजून पडावे तसे पडत होते. डाग, ब्लेड, घरं, सही. मग कचेरीत आलेले अजिनाथ, साहेबांनी पसरलेलं कापड, मागच्या खोलीतली तिसरी फळी. ती थांबली तेव्हा घरामागं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती, तिचा आवाज एवढाच राहिला.

कानिफनाथानं बाजार करावा तसं बारकाईनं विचारलं. घरं किती? ती म्हणाली, सात. कशी? चार एका रांगेत, दोन ओढ्याकडं तोंड करून, एक सुटं. विहीर कुठल्या अंगाला? सुट्या घराच्या उगवतीला. अजून काय हुतं? एक झाड होतं, ती म्हणाली. कसलं? तिला सांगता येईना. नकाशात झाडाला नाव नसतं, नुसती खूण असते.

"लिंब हुता," कानिफनाथ म्हणाला. "आजानं लावल्याला." विळ्याच्या मुठीवरून त्यानं अंगठा फिरवला. "दादा कचेरीत आला तवा तुमी किती लांब हुता?"

"दोन टेबलं."

त्यानं खळ्यावर नजर टाकली. दोन टेबलं म्हणजे किती, ते तो डोळ्यांनी मोजत होता. त्याच्यापासून राहीबाईपर्यंत जेवढं अंतर होतं तेवढंच ते असावं. नजर तिथं पोचली आणि थांबली. मग खाली वळली.

"बोलला न्हाईत."

"नाही."

त्यानं विळा सरळ केला. एक पेंडी उचलली, दोरी सोडली, शेंडे सारखे केले आणि छाटले. दुसरी उचलली. अंबिकाला वाटलं आता तो काहीतरी म्हणेल. म्हणेल की आता सांगून काय उपयोग, म्हणेल की चालती हो, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी तिला इथून पाय उचलता येईल. तिसऱ्या पेंडीला त्याचे हात चुकले. रोपं मांडीवर विखुरली आणि ती गोळा न करता तो तसाच बसून राहिला, चष्म्याआडून जमिनीकडं बघत. राहीबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती, आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळून गोंदणाशी थांबला होता.

बऱ्याच वेळानं कानिफनाथानं शेजारचं पोतं हातानं झटकलं. पडवीच्या सावलीत ते नीट पसरलं, कोपरे ओढले.

"वैनी," तो म्हणाला, मान वर न करता. आवाज फाटला म्हणून त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाला, "वैनी, उनात कशाला बसलाय. सावलीला सरका."

राहीबाई लगेच उठली नाही. मग हात टेकून उठली, चपला तिथंच उन्हात काढल्या आणि जाऊन पोत्यावर बसली. बसल्याबसल्या तिनं त्याच्या मांडीवरची विखुरलेली रोपं वेचायला सुरुवात केली. शेंडे एका बाजूला, मुळं एका बाजूला.

अंबिका होती तिथं उभी राहिली. तिला कुणी सरका म्हणालं नाही, आणि तीही सरकली नाही.